कमी चाललेली गाडी, की कमी गंजलेली?



बंदीचे दिवस जवळ आले की दरवर्षी दोन गोष्टी सुरू होतात. जाळ्यांची दुरुस्ती आणि गाडीची चर्चा. यंदाही तेच. पंधरा दिवसांत आपल्या ग्रुपवर जुन्या पिकअपचे फोटो धडाधड पडतायत आणि बहुतेकांखाली एकच ओळ असते : ‘इंदूर पासिंग, 2015 मॉडेल, फक्त 38 हजार चाललेली, अर्जंट विकणे आहे.’ खाली लगेच आपली मंडळी विचारतात, ‘शेवटची किंमत किती?’

दोन-तीन नाखवा ऑफिसातही विचारून गेले. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितोय.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी घ्यायला आमचा विरोध नाही. इंदूरहून आणायलाही नाही. विरोध आहे तो मीटरवरचा आकडा बघून जास्तीचे लाख-सव्वा लाख मोजायला. आपल्या धंद्यात पिकअप किलोमीटरने मरत नाही, मिठाच्या पाण्याने मरते. तेव्हा पैसे द्यायचे तर चॅसीला द्या, कागदांना द्या. मीटरला देऊ नका.

आता जरा सविस्तर.

जुनीच का, आणि इंदूरच का?

जुनी गाडी घेणारा माणूस कंजूष असतो असं नाही. आपलं काम तसंच आहे. पहाटे बर्फ फॅक्टरी, तिथून धक्का, लिलाव झाला की बाजार, येताना डिझेलचे कॅन आणि रेशन. नव्या चकचकीत गाडीच्या हौद्यात पहिल्याच दिवशी बर्फाचं पाणी आणि खवले पडणार. शिवाय एप्रिल 2020 च्या आधीच्या बीएस-4 गाड्या आपल्या गल्लीतला मेकॅनिकही उघडून दुरुस्त करतो. बीएस-6 च्या काही डिझेल गाड्यांत धूर गाळायचा फिल्टर असतो, तो छोट्या-छोट्या फेऱ्यांत चोंदतो, मग कॉम्प्युटर लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्यामुळे जुन्या गाडीकडे ओढा असणं आम्हाला समजतं.

इंदूरचंही कारण आहे. मध्य भारतातला मोठा व्यापारी गाव. सियागंजचा किराणा, क्लॉथ मार्केट, चोइथराम मंडीची भाजी-फळं, देवास नाक्याकडची गोदामं आणि ट्रान्सपोर्ट. शेजारी पीथमपूरला गाड्यांचे कारखाने. एवढा माल हलतो म्हणजे छोट्या मालगाड्या भरपूर, आणि विकायलाही भरपूर. मुंबईपासून आग्रा रोडने साधारण 600 किलोमीटर, धुळ्यावरून सरळ रस्ता. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत, त्यामुळे कुणीतरी आपल्या भाषेत बोलणारा भेटतो. पण ध्यानात ठेवा, दलाल मराठी बोलला म्हणून गाडी चांगली होत नाही.

38 हजारांचा हिशोब

2015 ची गाडी, दहा वर्षं धरा. 38 हजार म्हणजे वर्षाला 3,800. महिन्याला सव्वातीनशेच्या आत. महिन्याला 26 दिवस काम धरलं तर रोज बारा किलोमीटर. मालगाडी कुणी रोज बारा किलोमीटर चालवायला घेतं का?

घेतं, असंही असू शकतं. दुकान ते गोदाम अशा फेऱ्या मारणारी बाजारातली गाडी खरोखर तेवढीच चालते. पण त्यातली गोम बघा. अशी गाडी दिवसातून वीस वेळा चालू-बंद होते. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभी राहते. मीटर किलोमीटर मोजतं, तास मोजत नाही. क्लच, स्टार्टर, ब्रेक हे सगळं झिजलेलं असतं आणि मीटर मात्र 38 हजारच दाखवतं.

दुसरी शक्यता म्हणजे गाडी वर्षानुवर्षं उभीच होती. हप्ते थकले म्हणून यार्डात, भावाभावांच्या वादात, अपघातानंतर किंवा पुरात बुडाल्यावर. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तशा गाड्या साफसूफ होऊन कुठे ना कुठे विकल्याच जातात. उभ्या गाडीचं रबर सुकतं, ऑइल सील गळायला लागतात, ब्रेक सिलिंडर जाम होतात, डिझेल टाकीत पाणी आणि गाळ साचतो, उंदीर वायरी कुरतडतात. अशी गाडी आणली की पहिले सहा महिने ती बाजारात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त असते.

तिसरी शक्यता सगळ्यांना माहीत आहे. मीटर मागे फिरवलेलं. हे काम अवघड राहिलेलं नाही.

चौथी गोष्ट दिल्लीची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने निर्बंध आणले, तेव्हापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. त्यामुळे नंबर इंदूरचा, म्हणजे एमपी 09, असला तरी गाडी जन्मापासून इंदूरची असेलच असं नाही. पहिली नोंदणी कुठली आणि मालक कितवा, हे आरसीवर आणि परिवहनच्या ॲपवर बघा.

आपल्याला खरं काय हवं?

आता आपलं रोजचं काम मोजा. समजा रोज 60 किलोमीटर, महिन्याला 26 दिवस, वर्षाला दहा महिने. 15,600 किलोमीटर झाले. एक गाडी 40 हजार चाललेली आणि दुसरी 90 हजार चाललेली, तर फरक 50 हजारांचा. आपल्या वापरात तो फरक सव्वातीन वर्षांचा. वेळेवर ऑइल बदललेलं पिकअपचं डिझेल इंजिन सहसा दोन लाखांच्या पुढे जातं. म्हणजे 90 हजारवाल्या गाडीचं इंजिनही आपल्याला सहा-सात वर्षं पुरावं.

पण चॅसी? हौद्यातून गळणारं बर्फाचं पाणी, त्यात मासळीचं खारं पाणी, ते रोज थेंब-थेंब चॅसीवर, ब्रेकच्या पाइपवर, पाट्यांच्या हँगरवर आणि वायरींच्या जोडांवर पडतं. धक्क्यावर वाराही खारा. चॅसीला आतून गंज लागला की वरून रंग मारून तो दिसत नाही, आणि एक दिवस भरल्या गाडीचा पाटा हँगरसकट सुटतो. ब्रेकचा पाइप गंजून फुटला तर उतारावर काय होईल ते सांगायची गरज नाही.

म्हणून इंदूरच्या गाडीची खरी किंमत तिच्या कोरडेपणात आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, हवा खारी नाही. तिथे धान्य नाहीतर कापड वाहिलेल्या गाडीची चॅसी दहा वर्षांनीही खणखणीत मिळू शकते. आमच्या मते इंदूरची 90 हजार चाललेली, सर्व्हिसची नोंद असलेली, स्वच्छ चॅसीची गाडी ही किनाऱ्यावरच्या 38 हजारवाल्या गाडीपेक्षा आपल्यासाठी चांगली. आणि इंदूरच्याच 38 हजारवाल्या पण उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षाही चांगली. तिची किंमतही कमी असते, कारण सगळे धावतात छोट्या आकड्यामागे.

वय कोण मोजतं?

अजून एक गोष्ट लोक विसरतात. आरटीओ, बँक आणि विमा कंपनी, तिघंही गाडीचं वय मोजतात. किलोमीटर फक्त विकणारा मोजतो.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर आहे. विम्यात गाडीची किंमत वयावर उतरते. जुन्या गाडीला कर्ज महाग आणि मुदत कमी. तुमची गाडी 38 हजार चालली म्हणून यातलं काहीच माफ होत नाही. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हाही घेणारा आधी मॉडेल विचारेल.

कागद, कागद, कागद

इंजिन बिघडलं तर पैसे जातात. कागद बिघडले तर गाडीही जाते आणि कोर्टाच्या चकराही लागतात.

परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं पत्र आणि फॉर्म 35. इथे आल्यावर महाराष्ट्राचा नवा नंबर, इथला कर, नवी नंबरप्लेट. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. ‘चालवा हो एमपीच्या नंबरवर, कोण विचारतंय?’ असं सांगणारा दलाल नाक्यावर पोलीस विचारतील तेव्हा फोन उचलणार नाही.

गाडी तुमच्या नावावर झाली की विमाही 14 दिवसांत नावावर करायला टाका. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला आणि तुमच्या गाडीचं नुकसान झालं, तर कंपनी दाव्याला नाही म्हणू शकते.

हे विकणाऱ्यांसाठीही आहे बरं का. आपल्यातले काही जण जुना टेम्पो फक्त स्टॅम्प पेपरवर विकून मोकळे होतात. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. मधे गाडी चार हातांत फिरली असली तरी. म्हणजे तुम्ही विकलेल्या टेम्पोने उद्या कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येईल.

चालकाबद्दल मात्र एक दिलासा आहे. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केलं. तेव्हा घरातल्या मुलाकडे एलएमव्ही लायसन्स असेल तर पिकअपसाठी वेगळ्या लायसन्सच्या नावाने एजंटला पैसे देऊ नका.

आणि वजन. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, तेवढाच माल भरायचा. बर्फासकट 30 किलोचे 40 क्रेट म्हणजे 1,200 किलो झाले, वर दोन माणसं. छोट्या टेम्पोला हे झेपणारं नाही. ओव्हरलोडला 2019 पासून दंड 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. एका पकडीत आठवड्याची कमाई जाते.

बंदीत हप्ता थांबत नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा चार लाख कर्ज घेतलं, 16 टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता साधारण 14 हजार बसतो, आणि तीन वर्षांत व्याजच लाखाच्या वर जातं. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्याला. 61 दिवस मासळी नाही, पण 28 हजार हप्त्याचे जायचेच. त्यात वादळाचे इशारे लागले की सीझनमध्येही दिवस बुडतात ते वेगळे.

कर्ज फिटलं नाही की पहिला नंबर लागतो घरातल्या सोन्याचा. धक्क्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईने वर्षानुवर्षं जमवलेलं ते सोनं. म्हणून आम्ही म्हणतो, गाडीचा निर्णय एकट्या नाखवाने घेऊ नये. घरातली बाई बाजार करते, टेम्पोचं भाडं रोज तीच मोजते, तिला हिशोब जास्त माहीत असतो. तिला विचारा. बंदीच्या दोन महिन्यांचा हप्ता आधी बाजूला काढून ठेवता येत असेल तरच कर्ज करा. त्या दोन महिन्यांत गाडीला भाजी, बांधकाम सामान, गणपतीआधीची भाडी मिळतात का तेही आधी बघून ठेवा.

ज्यांची छोटी बोट आहे, रोजचा माल पाच-सात क्रेट आहे, त्यांनी खरं तर पिकअप घेऊच नये. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीच्या तीनचाकीसाठी 3 लाख आणि बर्फपेटीच्या मोटरसायकलसाठी 75 हजार असा खर्च धरलेला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. आता काय चालू आहे ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. आधी मंजुरी, मग खरेदी. गाडी आधी आणून नंतर अर्ज घेऊन येऊ नका. दोन-तीन छोट्या बोटींनी मिळून एक गाडी घेतली तर अजून बरं, फक्त डिझेल कोण भरणार आणि कुणाची फेरी आधी, हे कागदावर लिहून ठेवा.

बघायला जाल तेव्हा

1. बोनेटला आधी हात लावा. थंड पाहिजे. गरम असेल तर गाडी तुमच्या यायच्या आधी चालू करून ठेवलेली आहे. थंडीत कशी सुरू होते आणि काय रंगाचा धूर सोडते ते बघायचंय.
2. गाडीखाली झोपा. चॅसीवर नवा काळा रंग दिसला तर पेचकसने टोचून बघा. चॅसी नंबर हाताने घासून आरसीशी जुळवा.
3. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंग, चालकाची सीट बघा. 38 हजाराच्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.
4. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. टायर जुने असतील तर पाच टायरचे पैसे किमतीतून वजा करा.
5. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन जुन्या नोंदी मागा. प्रत्येक वेळी मीटर किती होतं ते तिथे लिहिलेलं असतं. मागचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा निघाला तर उठून चालायला लागा.
6. ऑनलाइन चलनं, फिटनेसची तारीख, कर्जाचा बोजा, तिन्ही मोबाइलवर तपासा.
7. गाडी भरून चढावर चालवा. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते.
8. आपला मेकॅनिक बरोबर न्या. त्याचं भाडं-जेवण धरून तीन-चार हजार जातील, ते वाया गेले असं समजू नका.

किंमत ठरवताना येण्या-जाण्याचा खर्च, एनओसीसाठी दुसरी फेरी, परतीचं 50 लिटर डिझेल, टोल, इथला कर आणि नवा नंबर हे सगळं जोडा. एवढं जोडूनही इथल्यापेक्षा स्वस्त पडत असेल तरच इंदूर.

आणल्यावर

चांगली चॅसी आणली आणि वर्षात गंजवली तर काय उपयोग? पहिल्याच आठवड्यात खालून गंजरोधक कोटिंग करा. हौद्यात फायबर नाहीतर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून जोड बंद करा. पाणी एका पाइपने कॅनमध्ये जमा करा, चॅसीवर नको आणि रस्त्यावरही नको. मासळीच्या पाण्यावरून दुचाकीवाले घसरतात, शिव्या सगळ्या कोळ्यांना बसतात. आणि रोज शेवटची फेरी झाली की गोड्या पाण्याने खालून धुवा. दहा मिनिटांचं काम आहे. बोट धुतो तसंच.

संस्थेकडून एक विनंती

इसार देण्याआधी गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो घेऊन ऑफिसात या. सकाळी 11 ते 1. कर्जाचा बोजा, फिटनेस, मालक कितवा, चलनं, हे आम्ही तुमच्यासमोर तपासून देऊ. त्याचे पैसे नाहीत. ज्यांनी आधी इंदूरहून गाड्या आणल्यात त्यांनी आपला अनुभव खाली लिहावा. किती खर्च आला, एनओसीला किती दिवस लागले, काय निघालं. दलालाचं नाव-नंबर मात्र इथे टाकू नका, ऑफिसात सांगा.

तीन-चार जणांना घ्यायचीच असेल तर एकाच वेळी, एक मेकॅनिक घेऊन एकत्र जा. चौघं मिळून गेले तर भावही नीट होतो आणि एकटा माणूस बघून कुणी घाई करत नाही. 5 तारखेपर्यंत नावं द्या, बंदी लागायच्या आत जाऊन येता येईल. नारळी पौर्णिमेपर्यंत कागद पूर्ण झाले तर सीझनच्या पहिल्या मासळीला गाडी आपल्या नावावर असेल.

– सचिव